जॉकीची पारख

मनुष्याच्या कृत्याची किंमत त्याच्या फळावरून ठरवावी, की ते कृत्य करताना त्याने दाखविलेल्या विवेकावरून ठरवावी, हा नीतिशास्त्रातील फार जुना वाद आहे. पंडितांनी तो बहुधा मोठमोठ्या उदाहरणांवर चालविला. हरलेला सेनापती मूर्ख म्हणावा काय, बुडालेल्या राज्याचा प्रधान दोषी धरावा काय, अशा प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु या उदाहरणांत एक अडचण असते. लढाईचा निकाल लागण्यास महिने लागतात, त्यात शेकडो माणसांचे हात असतात, आणि कोणत्या कारणाने काय घडले याचा उलगडा होईपर्यंत साक्षीदारच काळाच्या उदरात गडप झालेले असतात. म्हणून आम्ही येथे एक लहान व काहीसे अप्रतिष्ठित उदाहरण घेणार आहो. ते म्हणजे घोड्यांच्या शर्यतीतील जॉकीचे. त्याचे सारे कर्तृत्व दोन-अडीच मिनिटांत संपते. ते हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर घडते. निकाल नि:संदिग्ध असतो. आणि तरीही त्याने चांगली दौड केली की वाईट, याविषयी त्या हजारोंपैकी दोघांचेही एकमत होत नाही. निकाल इतका स्पष्ट असून न्याय इतका अस्पष्ट असावा, हेच आमच्या विवेचनाचे बीज आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील पालीसारख्या गावी बसून रेसकोर्सावरील गोष्टींचा विचार कशास करावा, असे कित्येक वाचकांस वाटेल. मुंबईहून गोव्यास जाणारा रस्ता आणि घाट चढून कोल्हापुरास जाणारा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांचा निरोप घेतात, त्या आमच्या गावी घोड्यांची शर्यत नाही. परंतु जनावर पळविणाऱ्याची पारख करण्याची हौस या मुलखातही भरपूर आहे. पावसाळ्यात या जिल्ह्यात चिखलातील नांगरणीच्या स्पर्धा भरतात. गावठी बैलांचा गट निराळा व घाटी बैलांचा गट निराळा असतो. जोत जुंपलेली जोडी गुडघाभर चिखलातून नेमून दिलेले अंतर तोडते, आणि ज्या जोडीस सर्वांत थोडा वेळ लागला ती पहिली येते. तेथे बांधावर उभे राहिलेले शेतकरी केवळ घड्याळाकडे पाहून स्वस्थ बसत नाहीत. नांगर धरणाऱ्याने वळणावर जोडी आवळून घेतली की भरकटू दिली, आरंभीच दम घालविला की राखून ठेवला, याची चर्चा त्यांच्यात रंगते. त्या चर्चेत वेळ एक सांगतो आणि जाणता शेतकरी दुसरे सांगतो, असे पुष्कळदा होते. मात्र या स्पर्धेत एक सोय आहे. प्रत्येक जोडी घड्याळाशी झगडते. शेजारच्या जोडीने आपली वाट अडविली असे सांगण्यास जागा नसते. घोड्यांच्या शर्यतीत ही सोय नाही. तेथे दहा-पंधरा घोडे एकाच वेळी एकाच वाटेवर धावतात, आणि प्रत्येक स्वाराचा निर्णय इतर सर्वांच्या निर्णयांशी गुंतलेला असतो. म्हणूनच आमचा प्रश्न तेथे अधिक अवघड, व त्यामुळे अधिक बोधप्रद, होतो.

प्रथम जॉकी करतो काय, हे पाहिले पाहिजे. घोड्यावर बसून राहणे आणि शेवटी चाबूक उगारणे एवढेच त्याचे काम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. महालक्ष्मीच्या मैदानाचा विचार करू. हे मैदान १८८३ साली सिद्ध झाले, आणि १९४३ पासून तेथे भारतीय डर्बी ही २४०० मीटरांची शर्यत होत आली आहे. २४०० मीटर अंतर कोणताही घोडा सर्व शक्तीने धावू शकत नाही; त्याने तसा यत्न केला तर अर्ध्या वाटेत तो रिता होतो. तेव्हा ही शक्ती कोठे व किती खर्चावी, हा स्वारापुढील पहिला हिशेब. दुसरा हिशेब जागेचा. अर्धवर्तुळाकार वळणावर आतील कठड्यापासून चार मीटर बाहेरून जाणाऱ्या घोड्यास, कठड्याशी लगटून जाणाऱ्यापेक्षा सुमारे साडेबारा मीटर अधिक धावावे लागते. म्हणजे घोड्याच्या पाच लांबींइतके अंतर त्याने उगीच गमावले. परंतु कठड्याशी राहिल्यास पुढे थकलेल्या घोड्यांची भिंत उभी राहून वाट कोंडण्याचे भय असते. तिसरा हिशेब वाऱ्याचा. दुसऱ्याच्या आडोशाने धावणाऱ्या घोड्याची शक्ती वाचते, पण तोच आडोसा शेवटच्या क्षणी तुरुंग होतो. हे तिन्ही हिशेब स्वारास ताशी साठ किलोमीटरांच्या आसपास वेगाने धावत असताना, अर्धा टन वजनाच्या आणि स्वतःचे मन असलेल्या प्राण्याच्या पाठीवरून करावे लागतात.

त्याच्या बसण्यातही विद्या आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन नावाच्या अमेरिकन जॉकीने रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवे होण्याची पद्धत इंग्लंडात नेली, तेव्हा तेथील लोकांनी त्याची माकडाशी तुलना करून हेटाळणी केली. पुढे सर्वांनीच ती पद्धत उचलली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात असे दाखविण्यात आले की, ही बैठक रूढ होण्याच्या सुमारास शर्यतींचा वेळ पाच ते सात टक्क्यांनी उतरला. या बैठकीत स्वार घोड्याच्या प्रत्येक झेपेबरोबर खाली-वर आदळत नाही. आपल्या पायांच्या बळावर तो जवळजवळ अधांतरी तरंगत राहतो, त्यामुळे घोड्यास त्याचे ओझे वाहावे लागते, परंतु ते दर झेपेस उचलून आपटावे लागत नाही. म्हणजे प्रेक्षकास जो स्वार स्वस्थ बसलेला दिसतो, तो वस्तुतः घोड्याइतकेच श्रम करीत असतो. उत्तम कौशल्य हे बहुधा न दिसणारे असते, हा पहिला धडा येथे मिळतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. शर्यत संपली, ज्या घोड्यावर लोकांची भिस्त होती तो तिसरा आला, की मैदानावर एकच आरोळी उठते: जॉकीने लगाम ओढला! हा आरोप रेसच्या इतिहासाइतकाच जुना असावा. त्यातील मौज अशी की, आरोप अक्षरशः खरा असतो. जॉकीने लगाम ओढलेलाच असतो. तो त्याने न ओढता तर तो जॉकी कसला? घोड्यास आवरून धरणे, त्याची धाव शेवटच्या दोन-तीनशे मीटरांसाठी राखून ठेवणे, हे या कलेचे मर्म होय. आणि घोड्यास मुद्दाम हरविण्यासाठी आवरून धरणे हे या धंद्यातील सर्वांत मोठे पाप होय. दोन्ही कृत्ये एकाच हाताने, एकाच लगामाने, एकाच हालचालीने होतात. सद्गुणाचे शिखर आणि दुर्गुणाचा तळ बाहेरून तंतोतंत सारखे दिसावेत, असे दुसरे क्षेत्र शोधून काढणे कठीण. या दोहोंत भेद एकच, आणि तो स्वाराच्या मनात असतो. प्रेक्षकापाशी मात्र मन पाहण्याचे साधन नसते. त्याच्यापाशी निकाल असतो. म्हणून तो निकालावरून मन ओळखू पाहतो. घोडा जिंकला तर तीच आवरणूक धूर्त संयम ठरते. घोडा हरला तर तीच लबाडी ठरते. ही विचारसरणी सर्वथा त्याज्य आहे असे आम्हांस वाटते. परंतु तिचे खंडन करणे वाटते तितके सोपे नाही, आणि एकदोन प्रत्यक्ष उदाहरणांवाचून ते नीट होणार नाही.

१९८६ सालच्या जून महिन्यात इंग्लंडातील एप्समच्या डर्बीत डान्सिंग ब्रेव्ह नावाचा घोडा सर्वांचा लाडका होता. त्याचा स्वार ग्रेव्हिल स्टार्की याने त्यास बराच वेळ मागे ठेवले, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर सोडले. घोडा वाऱ्यासारखा आला, पण शाहरस्तानी या घोड्यास गाठण्यास अर्धी लांबी कमी पडली. स्टार्कीवर टीकेचा पाऊस पडला. त्याने फार उशीर केला असे जो तो म्हणू लागला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पॅरिसजवळील लाँगशाँपच्या मैदानावर त्याच घोड्याने पॅट एडरी या स्वाराखाली आर्क द त्रिओंफ ही शर्यत मारली. एडरीनेही त्यास मागे ठेवले, उशिरा सोडले, आणि शिवाय सर्वांच्या बाहेरून आणले. त्याची स्तुती अद्याप चालू आहे. निकालावरून पारख करणारास येथे मोठा पेच पडतो: उशिरा येणे हा दोष की गुण?

जाणता मनुष्य मात्र येथे निराळाच प्रश्न विचारील. पुढचे घोडे कोणत्या गतीने धावत होते? एप्समची ती शर्यत आरंभी संथ गतीने चालली होती. पुढचे घोडे संथ धावले तर ते थकत नाहीत. मग मागून येणाऱ्यास त्यांना गाठणे दुर्घट होते. लाँगशाँपची शर्यत विक्रमी वेळात संपली; म्हणजे पुढच्यांनी आपली शक्ती मुक्तहस्ताने उधळली होती, आणि मागे थांबणाऱ्याने ती वाचविली होती. तेव्हा बाहेरून एकसारखी दिसणारी ही दोन कृत्ये वस्तुतः एक नव्हतीच. एक संथ शर्यतीत थांबणे होते, दुसरे वेगवान शर्यतीत थांबणे होते. स्टार्कीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: एप्समचा उतार कित्येक घोड्यांचा तोल बिघडवितो, आणि ऐन हाक दिली तेव्हा त्याच्या घोड्याचा तोल सावरलेला नव्हता. ही बाजू कोणास किती पटेल ते पटो. आमचा मुद्दा इतकाच की, जो दोष आपण शेवटी त्याच्या माथी मारू तो अर्ध्या लांबीच्या पराभवातून काढलेला नसावा. शर्यत चालू असताना त्यास जे कळत होते, किंवा कळावयास पाहिजे होते, त्यातून काढलेला असावा. गती संथ आहे हे स्वारास घोड्याच्या श्वासावरून समजू शकते. ते समजूनही तो थांबला असेल, तर घोडा दैवयोगाने जिंकला असता तरी तो निर्णय चुकलाच असता.

ही कसोटी दोन टोकांच्या उदाहरणांवर लावून पाहू. १९५७ च्या केंटकी डर्बीत बिल शूमेकर हा नामांकित जॉकी गॅलंट मॅन या घोड्यावर होता. विजय हाताशी असताना त्याने अंतिम खांबाच्या अलीकडचा खांब हाच शेवटचा समजून क्षणभर रिकिबीत उभे राहण्याचा प्रमाद केला, आणि केवळ नाकाच्या अंतराने शर्यत गमावली. येथे दोष नि:संशय होता. घोडा तरीही नाकभर पुढे राहिला असता, तरी दोष तितकाच राहिला असता, फक्त कोणी त्याची आठवण ठेवली नसती. याच्या उलट १९५६ ची ग्रँड नॅशनल. सारे अडथळे पार करून, सर्वांच्या पुढे असलेला डेव्हन लॉक हा घोडा विजयस्तंभ अवघ्या पन्नासएक यार्डांवर असताना एकाएकी हवेत उसळून जमिनीवर बसला. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस याने काही करावयाचे राहिले होते, असे आजवर कोणास दाखविता आलेले नाही. तो हरला, पण त्याच्या दौडीत उणे काढण्यास जागा नव्हती. या दोन्ही शर्यतींचा निकाल कागदावर सारखाच लिहिला जातो: घोडा पराभूत. निकालाच्या पुस्तकात दोष आणि दैव यांसाठी निराळे रकाने नसतात; ते रकाने पारख करणाराने आपल्या मनात आखावे लागतात.

यावर एक व्यवहारी आक्षेप असा येतो की, एका शर्यतीवरून निर्णय देऊ नये हे मान्य. परंतु शेकडो शर्यतींत दैव दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते, तेव्हा एकूण विजयांची संख्या हीच खरी पारख होय. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. वर उल्लेखिलेल्या शूमेकरनेच आपल्या आयुष्यात ४०,३५० शर्यतींत भाग घेतला व त्यांपैकी ८,८३३ जिंकल्या. त्या क्षणभराच्या प्रमादास या आकड्यांपुढे काय किंमत? शिवाय या आकड्यांत दुसराही एक उपदेश आहे. जगातील अग्रगण्य जॉकी शंभरांतून अठ्ठ्याहत्तर वेळा हरला. जो प्रेक्षक प्रत्येक पराभवात लबाडी पाहतो, त्याच्या न्यायाने या मनुष्याने तीस हजारांवर लबाड्या केल्या असल्या पाहिजेत! आपल्याकडे पेसी श्रॉफ यांनी भारतीय डर्बी आठ वेळा जिंकली. एकदा जिंकणे दैवाचे म्हणता येईल; आठ वेळांस दैव म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थच सोडून देणे होय.

तथापि संख्येची ही कसोटीही निर्दोष नाही. नामांकित जॉकीस उत्तम घोडे मिळतात. उत्तम घोडे मिळाल्याने त्याचे विजय वाढतात. विजय वाढल्याने त्यास आणखी उत्तम घोडे मिळतात. याच्या उलट, ज्या होतकरू स्वारास नेहमी चौथ्या प्रतीचे घोडे मिळतात, तो त्यांस पाचवे आणून दाखविण्यात अधिक विद्या खर्चीत असेल. पण पाचव्या क्रमांकाची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून जाणते लोक जॉकीचे विजय मोजण्याऐवजी असे विचारतात की, हाच घोडा दुसऱ्याच्या हाती कसा धावला, आणि याच्या हाती कसा धावला? घोड्याकडून जेवढ्याची अपेक्षा होती त्याहून यांनी किती अधिक मिळविले? शाळेत हुशार मुलांचा वर्ग घेऊन शेकडा नव्वद निकाल लावणारा शिक्षक, आणि खेड्यातील मागासलेल्या मुलांचा निकाल तीसावरून पन्नासावर आणणारा शिक्षक, यांत श्रेष्ठ कोण हे केवळ आकडा पाहून सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

कौशल्य आणि दैव यांचा हा गुंता आपल्या पूर्वजांच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानात त्याचे फार मार्मिक चित्र आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नाव घेऊन ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा एका दिवसात विदर्भास पोहोचू इच्छितो, आणि नल ते घोडे असे हाकतो की राजा विस्मित होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्यावरील पानाफळांची संख्या सांगतो, आणि नल रथ थांबवून ती मोजून पाहतो तो तंतोतंत जमते. मग दोघे आपापल्या विद्यांची देवघेव ठरवितात: नलाकडे अश्वांचे हृदय जाणण्याची विद्या, राजाकडे फाशांचे हृदय जाणण्याची विद्या. राजाची विद्या हाती येताच नलाच्या देहातील कली बाहेर पडतो. आम्हांस या कथेचा अर्थ असा वाटतो की, घोडा हाकणे जाणणे आणि संभवाची गणती जाणणे या दोन विद्या परस्परपूरक आहेत. यांपैकी एकच ज्यापाशी आहे त्याच्या ठिकाणी कलीस राहावयास जागा मिळते. रेसकोर्सावरील बहुतेक प्रेक्षकांपाशी दोहोंपैकी एकही नसते, आणि तरीही त्यांचा निर्णय सर्वांच्या आधी तयार असतो.

न्यायालयांनाही या प्रश्नात हात घालावा लागला आहे. तामिळनाडू सरकारने १९७४ साली घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला. त्यावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तो केवळ दैवाचा जुगार नव्हे. घोड्याची पैदास व शिक्षण आणि जॉकीची विद्या यांवर विजय अवलंबून असतो. या निर्णयाने पैज लावणारास फार समाधान झाले. परंतु त्याने एका गोष्टीचा विचार करावा. खेळ एकंदरीत कौशल्याचा आहे, एवढ्यावरून त्यातील प्रत्येक पराभव हा कौशल्याचा अभाव आहे असे सिद्ध होत नाही. शंभर शर्यती मिळून कौशल्य दैवावर मात करते. एका शर्यतीत दैव कौशल्यास सहज चीत करते. कायद्याने समुदायाविषयी जे म्हटले ते व्यक्तीवर लादणे हा तर्कदोष आहे, आणि या तर्कदोषावर किती तरी मनुष्यांच्या अब्रूचा बळी पडतो.

अब्रूचा प्रश्न आला म्हणजे विनोद संपतो. घोडा मुद्दाम हरविल्याचा ठपका बसलेल्या जॉकीची रोजी जाते, आणि ज्यास दुसरी विद्या येत नाही अशा मनुष्याची रोजी जाणे म्हणजे काय हे सांगावयास नको. हे लोक मूठभर अन्नावर राहून आपले वजन पन्नास-पंचावन्न किलोंच्या आसपास राखतात. इंग्लंडातील फ्रेड आर्चर हा तेरा वर्षे जॉकींचा मुकुटमणी होता. पाच वेळा डर्बी त्याने मारली. उंच बांध्याच्या त्या मनुष्याने वजन उतरविण्यासाठी देहाचे जे हाल केले त्यांनी तो खंगला, आणि १८८६ साली तापाच्या भ्रमात वयाच्या २९ व्या वर्षी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पडून हातपाय मोडणे, प्रसंगी प्राणास मुकणे, हे तर या धंद्यात नित्याचेच. अशा मनुष्यावर अप्रामाणिकपणाचा डाग लावताना तो निकालाच्या आधारे लावू नये. पुराव्याच्या आधारे लावावा.

येथे कोणी म्हणेल की, मग लबाडांचे फावेल. मनातील हेतू सिद्ध करता येत नाही असे म्हणून सर्वांनाच सोडून दिले तर शर्यतीवरचा लोकांचा विश्वास उडेल, आणि प्रामाणिक जॉकीचीही रोजी बुडेल. हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर जगातील टर्फ क्लबांच्या नियमांतच आढळते. हेतूचा शोध घेत बसण्याऐवजी ते नियम स्वारावर एक दृश्य कर्तव्य लादतात: घोड्यास शक्य तितकी चांगली जागा मिळवून देण्याचा रीतसर व डोळ्यांस दिसेल असा यत्न त्याने केलाच पाहिजे. हा यत्न झाला नाही तर शिक्षा. मग मनात लबाडी होती की आळस होता, हा प्रश्न निराळा. शर्यतीचे पंच, ज्यांस स्टुअर्ड म्हणतात, ते निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली चित्रफीत पाहतात, स्वारास बोलावून जाब विचारतात, पैजांच्या भावात संशयास्पद चढउतार झाला काय हे तपासतात. निष्काळजीपणाचा दंड दृश्य वर्तनावरून देता येतो; परंतु लबाड हा शिक्का मारण्यास त्याहून सबळ पुरावा पाहिजे. या दोन शिक्षांमधील अंतर राखल्याने काही लबाड सुटतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते अंतर पुसून टाकल्यास किती निरपराधी बुडतील याची गणती कधीच होणार नाही, कारण निरपराध्याचे बुडणे कोणत्याही पुस्तकात नोंदले जात नाही.

एका बाबतीत मात्र निकालाची वाट पाहण्याचे मुळीच कारण नाही, आणि ती म्हणजे जनावरास होणारी पीडा. चाबकाच्या योग्यायोग्यतेचा शर्यत जिंकण्याशी काहीएक संबंध नाही. इंग्लंडात सपाटीच्या शर्यतींतील चाबकाच्या फटक्यांची मर्यादा २०२३ साली सातावरून सहावर आणली गेली, आणि मर्यादा फारच ओलांडली गेल्यास घोड्याचा विजयच रद्द करण्याचा नियम झाला. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ च्या निर्णयाने बंद झाल्या. पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या साऱ्या वादाचे तात्पर्य असे की, जनावराच्या वेदना हा जिंकण्या-हरण्याच्या बाहेरचा, स्वतंत्र प्रश्न आहे. हाच विचार पुढे नेला तर दिसून येईल की, जॉकीच्या पारखीत वस्तुतः तीन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात: तो कुशल आहे काय, तो प्रामाणिक आहे काय, आणि तो दयाळू आहे काय. पहिल्याचे उत्तर दीर्घ काळाच्या वहीत सापडते, दुसऱ्याचे पुराव्यात, तिसऱ्याचे तत्क्षणी, डोळ्यांसमोर. प्रेक्षक या तिहींचे उत्तर एकाच ठिकाणी शोधतो, आणि ते ठिकाण म्हणजे विजयस्तंभ.

तो असे का करतो, याचे कारण उघड आहे. त्याने पैसा लावलेला असतो. ज्याचा स्वतःचा पैसा बुडाला तो न्यायासनावर बसण्यास अपात्र आहे, हे दिवाणी दाव्यात आपण सर्वजण मानतो; रेसकोर्सावर मात्र ज्याचा अधिक पैसा बुडाला त्याचा आवाज अधिक मोठा. आणि ही गोष्ट रेसकोर्सापुरती आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. रोगी दगावला की वैद्य अडाणी ठरतो, आणि वाचला की धन्वंतरी ठरतो. आमच्या कोकणात कित्येक शेतकरी पावसाच्या आधीच कोरड्या जमिनीत भाताची धूळपेरणी करतात. पाऊस वेळेवर आला तर तो शेतकरी दूरदर्शी. पाऊस लांबला आणि रुजलेले बी करपले तर तोच उतावळा. ज्या दिवशी त्याने बी टाकले त्या दिवशी आभाळात काय होते, घरात दुसरे बियाणे शिल्लक होते काय, मागील दहा वर्षांत त्याची पेरणी किती वेळा साधली होती, हे कोणी विचारीत नाही. विचारले तर पुष्कळदा असे दिसून येईल की, ज्यास आपण उतावळा म्हटले त्याने पूर्ण विचार केला होता, आणि ज्यास दूरदर्शी म्हटले त्याने केवळ शेजाऱ्याचे पाहून बी फेकले होते. आपणही आपल्या मुलाबाळांविषयी, नोकरचाकरांविषयी, पुढाऱ्यांविषयी जे निर्णय देतो, त्यांत आपल्याच अपेक्षांचे पैसे लागलेले असतात.

तेव्हा न्याय्य पारख करू इच्छिणाराने स्वतःस एक शिस्त लावून घ्यावी. शर्यत संपण्याच्या आधी, शेवटच्या वळणावर घोडे असतानाच, त्याने मनाशी ठरवावे की या स्वाराने येथवर जे केले ते योग्य की अयोग्य, आणि कोणत्या कारणाने. मग निकाल काही लागो, आपले मत त्याने बदलू नये. बदलावयाचेच झाले तर निकालाव्यतिरिक्त नवे कारण दाखवून बदलावे. ही शिस्त पाळणे फार जड आहे. तीत आपण जिंकलेल्यास दोष देण्यास आणि हरलेल्यास मान देण्यास बांधले जातो, आणि सभोवतालचा सारा समुदाय त्याच क्षणी उलट ओरडत असतो. परंतु फलावर आपला अधिकार नाही, हे तत्त्व आपण स्वतःच्या सांत्वनासाठी नेहमी पुढे करतो. आपण हरलो असता ते आपणांस चटकन आठवते. दुसरा हरला असता ते आठवणे, एवढाच त्या तत्त्वावर आपली खरी श्रद्धा आहे की नाही याचा पुरावा होय.